ऑगस्टातच लाल झालेली एक फांदी

पडवी | २४ ऑगस्ट २०२५, रात्री ९:४०

घर घेतल्यानंतरचा हा आमचा पहिलाच उन्हाळा. बॉस्टनच्या पश्चिमेला, गाडीने पाऊण तासावर. दारात एक लाल मेपल आहे, छपराच्या वर गेलेला. आधीच्या मालकांनी वीसेक वर्षांपूर्वी लावला, असं शेजारच्या आजोबांनी सांगितलं. घर बघायला आलो तेव्हा आत शिरायच्या आधीच मी या झाडावर भाळले होते, हे नवऱ्याने एजंटसमोर बोलून दाखवायला नको होतं, पण ते असो.

परवा सकाळी कचऱ्याचा डबा रस्त्याशी ओढत नेताना वर लक्ष गेलं. रस्त्याच्या बाजूची एक फांदी, फक्त एक, लालभडक. बाकी सगळं झाड हिरवंगार. एखादीने केसांची एकच बट रंगवून यावं तसं दिसतंय.

आई कराडहून आलीये, ऑक्टोबरपर्यंत आहे. ती म्हणाली, "दृष्ट लागली झाडाला." नवरा म्हणतो, फॉल, म्हणजे इथला पानं रंगायचा ऋतू, लवकर आला. मला दोन्ही पटत नाही. घरात अजून एसी चालू आहे, मुलाची शाळाही सुरू व्हायचीये. झाड आजारी आहे का? कुणाला अनुभव?

भटक्या_४२ | २४ ऑगस्ट, रात्री १०:०२

आला आला, फॉल आला! ताई, झाडाचं राहू द्या, न्यू हॅम्पशायरची हॉटेलं आधी बघा. ऑक्टोबरातल्या लाँग वीकेंडला तिकडे खाट मिळत नाही.

सांडगा | २४ ऑगस्ट, रात्री १०:१५

फोटो टाका. फोटोशिवाय निदान म्हणजे फोनवर नाडीपरीक्षा.

हिरवी_मिरची | २५ ऑगस्ट, सकाळी ७:३०

आम्ही न्यू जर्सीत. ऑफिसच्या वाटेवर एक दलदल लागते, तिच्या काठचे मेपल दरवर्षी ऑगस्ट संपायच्या आत लाल होतात. पहिल्या वर्षी मीही घाबरले होते. आता तो माझा अलार्म झालाय. ते लाल दिसले की मखराचं सामान काढायचं. बघा, गणपती परवावर आले. त्यामुळे काळजी नसावी.

टेकडीवरून | २५ ऑगस्ट, रात्री ८:५०

कनेक्टिकटमध्ये नर्सरीच्या कामात बारा वर्षं आहे, म्हणून जरा लांबण लावतो. हिरवी_मिरची म्हणतात ते खरं आहे. दलदलीच्या काठच्या लाल मेपलांची मुळं वर्षभर पाण्यात बसलेली असतात. मुळांना हवा मिळत नाही, त्यामुळे ती झाडं आधीच टेकीला आलेली असतात आणि इतरांच्या महिनाभर आधी आवरायला घेतात. पण पडवीताईंचं झाड अंगणात आहे, आणि सगळं झाड नाही, एकच फांदी लाल झालीये. हे लक्षण वेगळं.

पिवळा आणि लाल हे रंग एका घरचे नाहीत, ते आधी वेगळे काढू. पिवळा-नारिंगी रंग पानात वसंतापासून असतोच, म्हणजे कॅरोटिनॉइड, गाजरातलं किंवा अंड्याच्या बलकातलं. वरून हरितद्रव्याचा थर असतो म्हणून दिसत नाही. दिवस लहान झाले की झाड हरितद्रव्य मोडून त्यातला नत्र फांदीत ओढून घेतं, आणि खालचा पिवळा उघडा पडतो. बर्चचं तसंच होतं. रंग चढत नाही, हिरवा उतरतो.

लाल मात्र नव्याने करावा लागतो. तो अँथोसायनिन, जांभळातला, कोकमातला. तो करायला पानात साखर लागते. पान देठाशी फांदीला जोडलेलं असतं तिथे हळूहळू बुचासारखा थर तयार होतो आणि जाण्या-येण्याच्या वाटा बंद व्हायला लागतात. दिवसा ऊन चांगलं असेल तर पान साखर बनवत राहतं, पण ती बाहेर जाऊ शकत नाही. त्या साठलेल्या साखरेच्या जिवावर लाल रंग बनतो. म्हणून दिवस स्वच्छ उन्हाचे आणि रात्री थंड, पण दव न गोठण्याइतक्या, अशा वर्षी मेपल पेटतात, आणि ढगाळ, उबदार गेलं तर मळकट होतात.

आता तुमच्या फांदीकडे या. तिथेही साखर अडकलीये, पण हवा थंड झाल्यामुळे नाही. खाली कुठेतरी त्या फांदीची वाट आवळली गेलीये. फांदीला भेग असेल, साल सोललेली असेल, किंवा गडबड बुंध्याशी असेल. यंदा जुलैपासून पाऊस नाही, त्याने भर घातली असणार.

एक काम करा. बुंध्याशी जाऊन बघा, जमिनीत शिरताना तो पायघोळ परकरासारखा रुंद होतो, की विजेच्या खांबासारखा सरळ आत घुसतो?

सांडगा | २५ ऑगस्ट, रात्री ९:२०

म्हणजे आपल्या लाल माठासारखंच की.

टेकडीवरून | २५ ऑगस्ट, रात्री ९:३१

नाही ना! माठ आणि बीट यांचा लाल वेगळा, तो बीटालेन. ज्या कुळात बीटालेन असतं तिथे अँथोसायनिन सापडत नाही. आपल्याकडचं उदाहरण हवं तर आंब्याची कोवळी, तांबूस पालवी घ्या. तिच्यात अँथोसायनिनच आहे. म्हणजे आंबा बाळपणी लाल आणि मेपल म्हातारपणी.

पडवी | २६ ऑगस्ट, सकाळी ६:४५

खांब! अगदी सरळ खांब. रात्री टॉर्च घेऊन बघून आले. दिसत तरी कुठे होतं म्हणा, बुंध्याभोवती मल्चचा, म्हणजे लाकडा-सालीच्या चुऱ्याचा, ढीग आहे, माझ्या गुडघ्याच्या वर. मला वाटायचं ती इथली पद्धत असावी. एप्रिलमध्ये बाग आवरायला माणसं बोलावली होती, त्यांनी आधीच्या ढिगावर आणखी सहा पोती ओतली आणि त्याचे वेगळे पैसे लावले. शेजाऱ्यांकडेही तसंच आहे, म्हणून मी छान म्हटलं. गेल्या वर्षी नुसतं वरचं झाड बघून भाळलेली मी, मला काय कळतंय.

टेकडीवरून | २६ ऑगस्ट, सकाळी ७:१०

अर्धं निदान झालं म्हणा. आमच्या धंद्यात याला मल्चचा ज्वालामुखी म्हणतात आणि दर वसंतात गल्लोगल्ली असे ज्वालामुखी उभे राहतात. मल्च चांगलंच, पण दोन-तीन इंच जाडीचं, ताटासारखं पसरलेलं, आणि बुंध्यापासून वीतभर लांब. साल कायम ओली राहिली की कुजते. शिवाय त्या ओल्या ढिगात झाड वरच्या वर नवी मुळं सोडतं. ती बाहेर पसरायच्या ऐवजी बुंध्याभोवती गोल फिरतात. मूळ जाड होतं, बुंधाही जाड होतो, आणि वीस वर्षांनी एकमेकांचा गळा धरतात. आवळलेल्या बाजूच्या फांद्या लवकर रंगतात.

ढीग हलक्या हाताने उकरा. फावडं नको, साल सोलली जाईल.

सडेतोड | २६ ऑगस्ट, सकाळी ११:०५

एका फांदीवर एवढं चर्वितचर्वण! इथे नागपुरात घामाच्या धारा लागल्यात आणि तुम्ही पानांचे रंग मोजताय. शेवटी काय, तेरड्याचा रंग तीन दिवस.

साताऱ्याचा_कंदी | २६ ऑगस्ट, दुपारी १:४०

सडेतोडराव, तेरड्याला नावं ठेवू नका, गौरी तोंडावर आल्यात. :-) आणि रंग मोजायला अमेरिकेतच जावं लागतं असं नाही. आमच्या कासच्या पठारावर सप्टेंबरात सोनकी आणि तेरडा फुलला की पाहायला रांगा लागतात. पानांचं म्हणाल तर आपला हंगाम वेगळा. मुंबईच्या रस्त्याकडेचा देशी बदाम जानेवारी-फेब्रुवारीत लालेलाल होतो, खाली पडलेलं पान वहाणेइतकं मोठं. घाटात मार्चला कोशिंबाला पालवी फुटते, ती अशी लाल की लांबून फुललेलं झाड वाटावं.

फरक इतकाच, इथे झाड थंडीला घाबरून पान टाकत नाही, पाण्यासाठी टाकतं. पाऊस संपून चार महिने झाले, जमीन तडकली, मग पानाचा खर्च परवडत नाही.

अवांतर: लोक फॉलला 'शरद' म्हणतात ते ऐकून कान दुखतात. आपला शरद आश्विन-कार्तिकाचा. पाऊस सरलेला, आभाळ धुतलेलं, पाणी निवळलेलं, आणि दुपारी ऑक्टोबर हीट. पानं गळतात ती शिशिरात, माघ-फाल्गुनात. तिकडच्या ऋतूला 'पानगळ' म्हणा की सरळ.

हिरवी_मिरची | २६ ऑगस्ट, दुपारी ४:१५

महिना तोच येतो हो, त्यामुळे शरद म्हणायची सवय लागलीये. कोजागरीला इथेही चांदणं स्वच्छ असतं, फक्त दूध प्यायला शाल घेऊन बसावं लागतं. आणि सप्टेंबरात 'पानगळ' म्हणावं तर एक पान गळलेलं नसतं. एसी बंद होतो, हीटर सुरू झालेला नसतो, त्या तीन आठवड्यांना माझ्याकडे शब्दच नाही. इंडियन समर, म्हणजे थंडी पडल्यावर मध्येच येणारे उबदार दिवस, म्हणावं तर तो नंतर येतो.

पाटावरवंटा | २७ ऑगस्ट, रात्री १०:५०

बाप्पा मोरया! आरती आटोपून बसले. लवकर लाल होणाऱ्या पानांवरून आमच्या घरातली एक जखम उघडी पडली, सांगते.

आम्ही तेव्हा न्यू हॅम्पशायरमध्ये नवीन. गौरीच्या आदल्या दिवशी यजमान ट्रेलवरून झोकात आले, हातात लालचुटूक वेलाच्या भल्यामोठ्या माळा. "फुलं कशाला विकत आणायची, हे बघ तोरण!" तीन-तीन पानांची डहाळी, तुकतुकीत, मध्ये पांढुरकी फळं. मी कौतुकाने मखराला गुंडाळलं. उरलेलं दाराला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या मनगटावर रेघेत पुरळ. तिसऱ्या दिवशी माझ्या हातांवर, गळ्यावर. हळदीकुंकवाला आलेल्या दोघींना घरी गेल्यावर. पॉयझन आयव्ही! इथल्या पोरांना शाळेत पहिल्यांदा हेच शिकवतात, तीन पानं दिसली की लांब राहा. आम्हाला कोण शिकवणार? देवीचं आर्जव करत मखर उतरवताना मी ओट्यावरचे रबरी मोजे घातले होते. गौरी त्या वर्षी बोडक्या मखरात बसल्या, देवी क्षमा करो.

टेकडीवरून | २७ ऑगस्ट, रात्री ११:२०

हसू नये, पण हसलो. पॉयझन आयव्ही सर्वांत आधी लाल होणाऱ्यांपैकी आहे. पाच पानांचा पंजा असेल तर तो व्हर्जिनिया क्रीपर, तोही आताच लाल होतो. तीन पानं असतील तर हात मागे. पान वाळलं तरी त्याचं तेल जात नाही, आणि जाळायचं तर अजिबात नाही, धूर छातीत गेला तर दवाखाना.

गंमत म्हणजे हा वेल आपल्या बिब्ब्याचा चुलतभाऊ आहे. आंबा, काजू, बिब्बा, पॉयझन आयव्ही, सगळे एकाच कुळातले. बिब्बा उतणं म्हणतात तेच हे.

पाटावरवंटा | २८ ऑगस्ट, सकाळी ८:००

अगं बाई! सासूबाई फोनवर तेच म्हणाल्या होत्या, "बिब्बा उतल्यासारखं दिसतंय." मी म्हटलं, अमेरिकेत कुठला आलाय बिब्बा. आणि आंब्याच्या चिकाने यांच्या ओठाला दर मे महिन्यात फोड यायचे, तेही त्यातलंच असणार.



पडवी | ३० ऑगस्ट, रात्री ९:१५

उकरलं. म्हणजे आईने उकरलं.

मी दुकानातून आणलेला प्लॅस्टिकचा पंजा दाखवला, तर ती म्हणाली, "खुरपं नाही का तुमच्याकडे?" नाही. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि माझं जुनं लोखंडी उलथनं घेऊन आली. पाट मांडून झाडाशी बसली. वरचं मल्च कोरडं, भुरकट. चार बोटं खाली गेल्यावर ते काळं, ओलं, आणि अळंब्यांचा वास. मग पांढऱ्या धाग्यांचं जाळं लागलं, आणि गांडुळं. आई प्रत्येक गांडूळ उचलून बाजूला ठेवत होती, त्यामुळे दीड तास लागला.

हातभर खाली गेल्यावर तिचं उलथनं 'टक्' करून वाजलं. तिने बोटांनी माती पुसली. माझ्या मनगटाएवढं एक मूळ, बुंध्याला आडवं, सापाने विळखा घालावा तसं. रस्त्याच्या बाजूने सुरू होऊन अर्ध्याहून जास्त बुंध्याला वेढलेलं. त्याच्याखाली साल दबून खाच पडलीये, बोट जातं. बरोबर त्या खाचेवर, सरळ रेषेत वर, ती लाल फांदी.

आई खूप वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "कुंडीतून काढताना सोडवलंच नाही कुणी हे. गुलाब लावताना आपण मुळांची हुंडी मोकळी करून घेतो की नाही? यांनी तशीच लावली." मग उलथनं धुऊन परत जागेवर ठेवलं. उद्या गौरी येणार, त्याचीही तयारी व्हायचीये.

नवरा करवत घेऊन तयार आहे. कापू का?

टेकडीवरून | ३० ऑगस्ट, रात्री ९:२२

थांबा!! करवत आत ठेवा. एवढं जाड मूळ वरच्या झाडालाही पाणी पुरवत असतं. दुष्काळात, पानं भरलेली असताना तोडलं तर झाडाला उपास घडवाल. शिवाय ते बुंध्यात रुतलं असेल तर कापताना बुंध्याचीच साल जाईल. प्रमाणित आर्बोरिस्ट, म्हणजे झाडांचा डॉक्टर, बोलवा. ते हवेच्या झोताने माती उडवून मुळं उघडी करतात, मग छिन्नीने थोडं थोडं काढतात. पानं झडल्यावर. तोवर आठवड्यातून एकदा खोलवर पाणी द्या, रोज शिंपडू नका. तुमच्या गावात पाण्यावर बंधनं असतील तर आधी ते बघा.

आईंना नमस्कार सांगा. कुंडीचं त्यांनी बरोबर ओळखलंय.

सांडगा | ३१ ऑगस्ट, सकाळी ९:००

'उलथनं' वाचून डोळे पाणावले. आर्बोरिस्टला दाखवू नका, पुढच्या वेळी मागून नेईल.

पडवी | १४ सप्टेंबर, दुपारी ३:३०

आर्बोरिस्ट येऊन गेला. टेकडीवरून यांनी सांगितलं तेच बोलला, नोव्हेंबरची तारीख दिली. ढीग बघून त्याने नुसती मान हलवली, इतकी सवय झालीये त्याला. "तीन-चार वर्षं त्या फांदीकडे लक्ष ठेवा, कदाचित ती जाईल, झाड राहील," म्हणाला.

बागेच्या माणसांना फोन केला. ते म्हणाले, गिऱ्हाइकांना तसंच आवडतं. त्यावर मी गप्प बसले, कारण एप्रिलमध्ये छान म्हणणारी मीच होते.

त्या फांदीची पानं आता कडेने वाळायला लागलीत. बाकीचं झाड अजून हिरवं, पण हिरवा रंग दमलेला वाटतो. आई आता सकाळी स्वेटर घालून ओसरीत बसते. तिचा रोजचा प्रश्न, "आज उजाडायला उशीर झाला का गं?"

टेकडीवरून | १४ सप्टेंबर, रात्री ८:१०

आईंचा प्रश्न बरोबर आहे. या दिवसांत तुमच्याकडे दिवस रोज पावणेतीन मिनिटांनी आखडतो. आठवड्यात वीस मिनिटं गेली. बॉस्टनचा सर्वांत मोठा दिवस सव्वापंधरा तासांचा, सर्वांत लहान नऊ तासांचा. मुंबईत सव्वातेरा आणि अकरा. कराडला राहिलेल्या माणसाला ही घसरण अंगावर येणारच. झाडं मुख्यतः हाच दिवस मोजतात, थंडी-पाऊस त्यात थोडं मागेपुढे करतात.

साताऱ्याचा_कंदी | २२ सप्टेंबर, सकाळी ९:३०

यंदा योग बघा. आज घटस्थापना आणि आजच शरद संपात, दिवस-रात्र सारखे. तुमच्याकडे हिरवं उतरायला लागलंय आणि आमच्याकडे घटाच्या मातीत आज गहू पेरले, नऊ दिवसांत वर येतील. पाऊस मात्र जायचं नाव घेत नाहीये.

हिरवी_मिरची | १ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:२०

उद्या दसरा. दरवर्षीचा प्रश्न, सोनं कुठून आणायचं? आमच्या कोपऱ्यावर रेडबडचं झाड आहे. एप्रिलमध्ये गुलाबी फुलं येतात ते. पान पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं, हाताला पातळ, आणि आता त्याच्यावर फिकट पिवळा उतरलाय. गेली चार वर्षं आम्ही तेच वाटतो. खाली पडलेलीच घेते, डहाळ्या मोडत नाही. टेकडीवरून, हे चालतं का शास्त्राला?

टेकडीवरून | १ ऑक्टोबर, रात्री ९:००

धर्मशास्त्राचं मला विचारू नका, वनस्पतिशास्त्राला शंभर टक्के चालतं. रेडबड, आपटा आणि कांचन एकाच उपकुळातले. आपल्याकडे बाजारात आपटा म्हणून कांचनच गळ्यात मारतात, त्यापेक्षा तुमचं रेडबड प्रामाणिक. शिवाय ते खरोखर सोन्याच्या रंगाचं असतं, आपटा हिरवाच.

गिंको नावाच्या झाडाचंही पान दोन पाळ्यांचं, दिसायला आपट्याच्या जवळचं, पण तो दसऱ्याला हिरवा असतो. त्याची पानं पुढे एखाद्या कडक थंडीच्या सकाळी एकदम पडतात.

भटक्या_४२ | ६ ऑक्टोबर, रात्री ११:१०

वृत्तांत देतो. शनिवार-रविवारी न्यू हॅम्पशायरच्या कँकमॉगस या डोंगरातल्या रस्त्याला जाऊन आलो. लिंकन ते कॉनवे, साडेचौतीस मैल, मध्ये पेट्रोलपंप नाही (माझा लाल दिवा लागला होता, बायको अजून बोलत नाहीये). रंगांचं खरं सांगायचं तर हुकलो. कोरड्या उन्हाळ्यामुळे आधीच लागले आणि आधीच उतरले. वर खिंडीजवळ बरीच झाडं उघडी, काही पानं लाल न होता सरळ तपकिरी झालेली. खाली नदीकाठी मात्र अजून मेपल होते, पाण्यात दगडांवर अडकलेली लाल पानं बघत तासभर बसलो. आणि उकाडा! टी-शर्टवर फिरलो, ऑक्टोबरात.

लोक म्हणतात व्हरमाँट करा. पण तिथल्या पॉम्फ्रेट गावाने २०२३ साली फोटोवाल्यांच्या गर्दीला कंटाळून एक रस्ताच हंगामापुरता बाहेरच्यांना बंद केला होता. ते वाचल्यापासून कुणाच्या शेतासमोर गाडी लावायचा धीर होत नाही.

सडेतोड | ७ ऑक्टोबर, सकाळी १०:००

चारशे मैल गाडी हाकून तपकिरी पानं पाहिलीत. मी म्हटलंच होतं, तेरडा.

(फोटो टाका पण. नदीचे.)

पडवी | १९ ऑक्टोबर, रात्री ८:४५

शेवटचं कळवते. मेपल परवा पूर्ण रंगला. आधी वरून, मग दक्षिणेकडून, आणि सगळ्यात शेवटी भिंतीच्या सावलीतला भाग, तो तर पिवळाच राहिला. सावलीत ऊन नाही, म्हणून साखर नाही, म्हणून लाल नाही, हे मी आता शेजारच्या आजोबांना समजावून सांगते आणि ते सभ्यपणे ऐकून घेतात. त्या फांदीवर एकही पान नाही. लाल झाडात ती काळी रेघ एकटी दिसते. शेजारचे ओक अजून हिरवे, त्यांना काही घाई नाही.

आई मंगळवारी गेली. दिवाळी कराडलाच करायची म्हणून हट्टाने गेली. जाताना बॅगेत मेपलची पाच पानं वर्तमानपत्रात घालून नेली, वहिनीच्या मुलांना दाखवायला. मुंबईला उतरेपर्यंत चुरा झाला, असा निरोप आलाय.

सांडगा | १९ ऑक्टोबर, रात्री ९:०५

आणि त्या ज्वालामुखीचं काय केलंत?

पडवी | १९ ऑक्टोबर, रात्री ९:१२

आईने जाण्याआधी मागच्या वाफ्यात लसूण लावून घेतला. इथे ऑक्टोबरात लावायचा आणि पुढच्या जुलैत काढायचा. तो ढीग सगळा त्याच्यावर पांघरलाय, दोन-तीन इंच, मोजून. उलथन्याने.